बसलेली पाखरं

"केवलरामभाऊ, हात खिशातच ठेवा," मी तिसऱ्यांदा बजावलं.

"ठेवलेच आहेत जी," ते म्हणाले. खरंच, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते.

बिरसीच्या धावपट्टीवरून या माणसानं सोळा वर्षं पाखरं हाकलली. शिकाऊ पायलट उडायच्या आत फटाके फोडायचे, टाळ्या पिटायच्या, बोंबलायचं. थव्याच्या नुसत्या पंखांच्या आवाजावरून ते जात सांगत. पण बसलेलं पाखरू त्यांनी कधी निवांत पाहिलं नव्हतं. पाहत बसले असते तर नोकरीच गेली असती. निवृत्त झाल्यापासून माझ्या, शेजाऱ्याच्या, मागे एकच धोशा लावला होता, "एकडाव बसलेलं पाखरू दाखवा न जी मले. जवळून."

म्हणून त्यांना तलावावर आणलं. थंडी मी म्हणत होती. कॉलेजात शिकवणाऱ्या डिंपल मॅडमनी स्टँडवर दुर्बीण लावली. पलीकडच्या चिखलात हिमालय ओलांडून आलेले हंस उतरले होते. आम्ही आठ-दहा हौशी लोक रांगेत. भाऊंनी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि शेवटी दुर्बिणीला डोळा लावला.

"पानीच दिसून राहिलं जी."

"थांबा काका, फोकस करते," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात बिरसीकडून विमानाची घरघर आली. भाऊ ताठ झाले. मी दंड धरायच्या आत त्यांचे हात बाहेर आले आणि टाळ्या कडाडल्या. "हाऽऽ! हाऽऽ!"

सगळा थवा उठला.

"अरे काका, ये क्या किया!" मागून कोणीतरी ओरडलं. मलाही राग आवरेना. "काऊन केलं असं?"

ते आपल्या तळव्यांकडे पाहत होते. "विमान येऊन राहिलं होतं न जी. आत लेकरं असतेत."

थवा बांधापलीकडे नदीच्या वाळूवर उतरला होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "चला काका, तिथं दाखवते."

"नाही जी. विमानं तं दिवसभर येऊन राहतेत. तुमी जा." ते बांधावर बसले. नजर मात्र नदीकडेच होती. जायची एवढी ओढ मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. मला फार वाईट वाटलं.

नदीवर मी धड पाच मिनिटंही थांबलो नाही. परत आलो तर भाऊ उठून उभे राहिले.

"बसले का जी?"

"बसले."

"कशे बसतेत?"

"काही चरत होते. एक तर एका पायावर उभा होता, चोच पंखात खुपसून. गाढ झोपला होता."

"झोपला होता?" त्यांनी नदीकडे पाहिलं. मग माझ्याजवळ सरकून कुजबुजले, "तं मंग हळू बोला जी."

नदी तिथून अर्धा किलोमीटर लांब होती. मी आवाज खाली आणला आणि पुढचं सांगू लागलो.