भाताचा युरिया

नव्या जीपच्या सायलेन्सरमधला कॅटलिस्ट धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मारतो, पण त्याला युरियाचं खास पाणी लागतं. महादूने भाताला टाकायचा युरिया बादलीत विरघळवून त्या पाण्याच्या टाकीत ओतला. आठवड्याने जीपने समोरच्या पडद्यावर बजावलं, की आता बंद केलीत तर पुन्हा सुरू होणार नाही.

आज लेक कुणालीची शहापुरात अकराला मुलाखत होती. मुरबाडहून निघाल्यापासून महादू इंजिन बंद करीना. डिझेलचा काटा तळाला गेला तेव्हा मात्र पंपावर वळावंच लागलं.

"काका, आधी इंजिन बंद करा," पंपावरचा पोरगा म्हणाला.

"बंद केली त चालू नाय होणार रे!"

"मग डिझेल नाय."

कुणालीने घड्याळ पाहिलं. "बाबा, तुमी बसा हितंच."

काळा धूर ओकणाऱ्या जुन्या टेम्पोला तिने हात केला आणि ती वेळेवर पोचली.