पालखीचा दांडा

उंबरपाड्याच्या गावदेवीची पालखी चैत्रात रूळ ओलांडून पलीकडे जायची, आणि तिला ओलांडून न्यायचं काम शिवरामच्या घराण्याकडे होतं. इंग्रजांनी आगगाडी आणली ती नेमकी गावाच्या मधून. देऊळ अलीकडे राहिलं, वीस-पंचवीस घरं पलीकडे. मग पालखी रुळांपाशी येऊन थांबायची, लाल फडकं घेतलेला माणूस पुढे व्हायचा, आधी बदलापूरकडे, मग अंबरनाथकडे बघायचा आणि "चला" म्हणायचा. बापाच्या मागे शिवरामने हे तीस वर्षं केलं. एकदाही चुकला नाही.

यंदा त्या वाटेवर भिंत होती, आणि ती त्यानेच मागून घेतली होती.

सोळा महिन्यांपूर्वी, मार्गशीर्षात, त्याचा भाचा महेश आनंदनगरच्या कंपनीतून पाळी संपवून घरी निघाला होता. एक गाडी जाऊ दिली आणि पाऊल टाकलं, तर पलीकडच्या लाईनीवरून दुसरी आली. घर रुळांपासून शंभर पावलांवर. तेराव्यानंतर शिवरामने अर्ज लिहायला घेतला. तिसरी-चौथी लाईन येतेय, आता चार लाईनी ओलांडाव्या लागतील, तेव्हा दोन्ही बाजूंनी भिंत घाला आणि वरून पूल द्या. पहिली सही त्याची. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. हे चौदा महिन्यांत झालं, म्हणजे आपल्याकडे घाईतच म्हणायचं. पुलाला छप्पर आलं, दिवे आले, भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायकांसाठी पायऱ्याही रुंद आल्या. अर्जात हे सगळं त्याने आठवून आठवून लिहिलं होतं.

गाव खूश झालं. फक्त गोजरबाई बोलायची बंद झाली. ती महेशची आई, शिवरामची थोरली बहीण, घर पलीकडचं. दर अमावास्येला ती त्या वाटेवर लेकाच्या नावाने दिवा ठेवायची. भिंत झाली आणि ती जागा आत गेली. भावाला ती एका शब्दाने बोलली नाही, आणि शिवरामला तेच जास्त लागलं. शिव्या घातल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या.

पालखीने रूळ ओलांडले की ती पहिली गोजरबाईच्या दारात टेकायची. मागच्या वर्षी घरात दुःख होतं, म्हणून टेकली नाही. यंदा पाडव्यानंतर गोजरबाईची सून भावना निरोप घेऊन आली. "मामा, आत्यांनी विचारलंय, पालखी येईल ना?" दोन महिन्यांत बहिणीकडून आलेला हा पहिला शब्द. शिवराम म्हणाला, "येईल. सांग तिला, मी शब्द दिलाय."

पालखीच्या आदल्या दिवशी त्याचा मुलगा आकाश दांड्याच्या मापाचा चौदा फुटी बांबू घेऊन पूल चढायला गेला. सहज, एकदा बघून ठेवावं म्हणून. पहिल्या वळणावर जिना उलटा फिरतो. तिथे बांबूचं एक टोक कठड्याला लागलं, दुसरं भिंतीला. उभा केला, तिरका केला, चार जणांनी चार अकला लढवल्या. बांबू काही वळेना.

अर्जात सगळं होतं, पालखी तेवढी राहिली होती. तीस वर्षं जी सोबत चालली, तिचं माप घ्यावं असं कुणाच्या मनातच आलं नाही, त्याच्याही नाही.

"टेम्पोत घालून लांबच्या गाड्यांच्या पुलावरून फिरवून आणू," आकाश म्हणाला.

"खुळा झालास का?" पालखीचा जुना खांदेकरी बाळाराम पाटील म्हणाला. "देवी खांद्यावरून निघते, खांद्यावरच फिरते. गाडीत बसायला ती काय बाजाराला निघालीय?" दांडा आखूड करायचं तर कुणी तोंडातूनही काढलं नाही; तो आजोबांच्या वेळचा सागाचा होता. मग बाळाराम शिवरामकडे वळला. "तू देवीचीच वाट बंद केलीस, शिवराम."

शिवराम उठला आणि बहिणीला सांगायला निघाला.

गोजरबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"बाय, उद्या पालखी येत नाय," तो उभ्यानेच म्हणाला. "दांडा वळत नाय पुलावर. माझीच चूक हाय."

सूप हलत राहिलं. तिने विचारलं, "कुठवर येते?"

"पहिल्या वळणापर्यंत. चौदा पायऱ्या."

ती सूप घेऊन आत गेली. शिवराम परत फिरला.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक पुलाशी आली. "जिथवर जाते तिथवर नेऊ," आकाश म्हणाला आणि बाळारामनेही कुरकुरत खांदा दिला. पालखी चौदा पायऱ्या चढून वळणावर उभी राहिली. पुढचे दोघे सपाटीवर, मागचे पायऱ्यांवर, दांडा छातीशी उचलून धरलेला. शिवराम फडकं घेऊन पुढे होता, पण बघायचं काय आणि कशाला?

तेवढ्यात भावना वर दिसली, हातात ओटीचं ताट. तिच्या मागे कठडा धरून गोजरबाई. सोळा महिन्यांत ती घराबाहेर पडली ती अमावास्येच्या दिव्यापुरती. पुलाच्या मधोमध ती थांबली आणि खाली बघत राहिली. खालून एक गाडी गेली, मग दुसरी. पालखीवाल्यांचे खांदे भरून आले होते, तरी कुणी घाई केली नाही.

शिवराम वर गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. वरून ती जागा स्पष्ट दिसत होती, नव्या खडीखाली गेलेली.

"शिवा, महेश एवढ्या पायऱ्या चढला असता का रे?"

खोटं बोलावं असं त्याला वाटलं. पण बहीण दोन महिन्यांनी मनातलं बोलत होती.

"नाय, बाय. त्याला घराची घाई असायची. पूल असता तरी खालूनच आला असता." त्याने खालच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "म्हणून तर भिंत मागितली."

गोजरबाईने भिंतीकडे पाहिलं, पार अंबरनाथच्या दिशेने दिसेनाशी होईपर्यंत. मग पदराने डोळे पुसले.

"मंग राहू दे ती," ती म्हणाली. "अमावास्येला दिवा इथं वर ठेवीन. तू यायचंस सोबत, माझे गुडघे दुखतात."

तिने हात पुढे केला. खाली पालखी थांबली होती. शिवरामने सवयीने एकदा बदलापूरकडे पाहिलं, एकदा अंबरनाथकडे, आणि मग बहिणीचा हात धरून पहिली पायरी उतरला.