जागा राहिलेला कान

शाळेच्या बसमधली मुलं तिला बसमावशी म्हणायची. वर्षभर मावशीच्या डोळ्याला धड डोळा लागलेला नाही, हे त्यांना कुठून कळणार? मावशी हल्ली पटकन खेकसते आणि सिग्नल हिरवा झाला तरी मागच्याने हॉर्न दिल्याशिवाय बस हलवत नाही, एवढंच त्यांना दिसायचं.

झोपेच्या गोळ्या तिने घेऊन पाहिल्या. झोप यायची, पण सकाळ झाली तरी ओल्या गोधडीसारखी अंगाला चिकटून राहायची. एकदा शाळेच्या फाटकाला बसचा आरसा घासला. कोणाला काही झालं नाही, उलट पोरं खिदळली. पण तिने खाली उतरून आरशावरचा ओरखडा बोटाने चाचपून पाहिला. त्याच दिवशी तिने गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

"झोप नाही आली तरी चालेल, पण हे नको. माझ्या मागे पोरं बसलेली असतात."

"मेंदूला सराव देण्याचा एक प्रकार आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यात औषध नाही. सगळ्यांना गुण येतो असं नाही. बघा करून."

चष्म्याच्या दुकानावर एक छोटी खोली होती. सराव घेणाऱ्या बाई वयाने तिच्यापेक्षा लहान, बोलायला मऊ. त्यांनी तिच्या केसांत भांग पाडत पाडत गार मलम लावलं आणि डोक्याला मेंदूची हालचाल टिपणाऱ्या बारीक चकत्या चिकटवल्या. समोर पडद्यावर तळं, तळ्यात नाव. मेंदू निवांत असला की नाव पुढे सरकणार, ताणात असला की धुकं दाटणार.

तिने दात आवळून नावेकडे पाहिलं. धुकं असं दाटलं की तळंच दिसेना.

"तुम्ही नाव ढकलताय," बाई म्हणाल्या.

"मग काय करू?"

"काहीच करू नका."

"अहो, ते काम मला कोणी शिकवलंच नाही!"

दोघी हसल्या. हसता हसता नाव जराशी सरकली. तिचं तिकडे लक्ष गेलं आणि पुन्हा धुकं.

सकाळची फेरी झाली की ती येई, दुपारच्या फेरीआधी परत जाई. केसांतला चिकटपणा धुवायचाही कंटाळा यायचा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय, असं तिला वाटू लागलं होतं. जांभया देत जिना चढायचा, जांभया देत उतरायचा.

बस दुरुस्तीला गेली तेव्हा नवऱ्याने तिला स्कूटरवर आणून सोडलं. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तोही वर येऊन स्टुलावर टेकला.

मध्येच खाली चष्म्याच्या दुकानाचं दार वाजलं. पडद्यावर धुकं उसळलं. थोड्या वेळाने पुन्हा दार, पुन्हा धुकं.

"हे मी मागेही पाहिलंय," बाई हळूच म्हणाल्या. "हॉर्न वाजला, कोणी ओरडलं, तर काही होत नाही. फक्त दार. कोणाची वाट बघता?"



"वाट नाही बघत. सासूबाई जायच्या. शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही. सगळे झोपले की कडी काढून निघायच्या. आई वाट बघतेय म्हणायच्या. अनवाणी. मी मागे धावायचे. कडी वाजली की उठायचं, हे कानाला लागूनच गेलं. त्या वारल्या त्याला वर्ष झालं."

"मला उठवायचंस ना," नवरा म्हणाला.

"उठवलं होतं. पहिल्यांदा उठवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, येईल परत, झोप तू. आणि कुशीवर वळलात."

नवऱ्याने मान खाली घातली. बाईंनी पडदा बंद केला.

घरी जाताना तो स्कूटर फार सावकाश चालवत होता. दारात पोचल्यावर म्हणाला, "माझी आई होती. धावायला मी हवा होतो." तिला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला रडू येईल. पण रडण्याइतकीही ताकद उरली नव्हती. ती नुसती पायरीवर बसली. तोही शेजारी बसला. त्या दिवसापासून दाराकडच्या बाजूला तो झोपू लागला.

पुढे बाईंनी सरावात दाराचाच आवाज घेतला. आधी अगदी हळू, मग मोठा. "ऐकू येऊ दे. फक्त उठायचं नाही." कधी जमलं, कधी दिवसच्या दिवस धुकं. पण हळूहळू आवाज होऊनही नाव चालत राहू लागली. रात्री पूर्ण झोप अजूनही रोज लागत नसे. पण जाग आली की नवऱ्याचं घोरणं ऐकू यायचं आणि बऱ्याचदा पुन्हा डोळा लागायचा. बसमध्ये ती पोरांच्या विनोदांना पुन्हा हसू लागली.

सुट्टीच्या एका दुपारी नणंद आली. भावाने दारातच तोंडावर बोट ठेवलं.

"झोपलीय."

"अशी भर दुपारी? बरं नाही का तिला?"

"बरं वाटतंय म्हणून तर."

नणंदेने चपला हातात घेतल्या आणि भाऊबहीण पाय न वाजवता स्वयंपाकघरात जाऊन बसले. आत ती पालथी पडून झोपली होती, एक हात पलंगावरून खाली लोंबकळत.