जित्या माणसाची उलटी खाट

मी खाट बोलून राहिलो, आणि मर्जीनं नाही. सिनेमावाले येऊन गेल्यापासून गावात ज्याला त्याला 'त्या दिवशी काय झालं' म्हणून विचारून झालं. पानठेलेवाल्यानं सांगितलं, पोलीस पाटलानं सांगितलं, आणि त्या दिवशी जो गावातच नव्हता त्यानं तर सगळ्यात जास्त सांगितलं. आता म्हणे खाटेनं सांगावं. कायले? पण ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं सांगून गोष्टीचा पार चिखल केला, म्हणून सांगतो. एकदाच सांगीन.

लोक मला 'ती खाट' म्हणतात. म्हणू दे. पण सारा जन्म बुढ्यांच्या पाठी सोसण्यात गेला, त्यांचं खोकणं आणि कुरकुरणं ऐकण्यात गेला, म्हणून माझं बोलणंही बुढ्यासारखं झालं. मी 'बोलतो' असंच म्हणीन. ज्याला खटकते त्यानं खाली जमिनीवर बसावं.

चिचगडच्या बाजूला, जंगलाला लागून आमचं गाव. मला चुन्नीलालनं घडवून घेतलं. पाय सागाचे, चौकट बिजाच्या लाकडाची, आणि दोरी अंबाडीची. ती दोरी चुन्नीलालनं ओसरीत बसून स्वतः वळली, येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देत वळली. त्याच्या आजापणज्यांनी गावचा तलाव बांधला, म्हणून घराण्याची मान ताठ. माझ्यावर बसले तरी ताठच बसत. खाटेला अशी माणसं आवडत नाहीत. खाटेला सैल माणूस पाहिजे.

सैल होती ती फक्त पुष्पांजली. चुन्नीलालच्या पोराची, म्हणजे पुनारामची, एकुलती एक पोरगी. माझा पाय धरून ती उभी राहायला शिकली. माझ्याखाली लपली, माझ्यावर अभ्यास केला, माझ्यावर बसून मायच्या हातून केस विंचरून घेतले.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. घरात माणूस मरतो तेव्हा त्याची खाट अंगणात काढून उलटी घालतात. चारी पाय आभाळाकडे. रस्त्यानं जाणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. उलटी खाट दिसली की तो समजतो, या घरचं माणूस गेलं. चपला फाटकाशी काढतो, हळू बोलतो. चुन्नीलाल गेला तेव्हा मला असंच घातलं होतं. त्यात मला कमीपणा वाटला नाही. मेलेल्याची खबर देणं हे माझं काम आहे, ते मी केलं.

पण दुसऱ्यांदा उलटं घातलं ते मला आजही पचलं नाही.

पुष्पांजली शिकायला आमच्याच गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला गेली आणि तिथं तिनं राजदीपशी लग्न केलं. राजदीप बौद्धाचा पोरगा, मोटरसायकलचं गॅरेज चालवतो. हात काळे, बोलणं गोड. पुनारामला ही खबर मिळाली तेव्हा तो माझ्यावरच बसला होता. उठला. माझ्यावरची वाकळ काढून फेकली. मला ओढत अंगणात नेलं आणि उलटं केलं.

लोक धावत आले. "कोन गेलं गा?"

"माही पोरगी गेली," पुनाराम म्हणाला. आणि डोकं भादरायला न्हाव्याला बोलावणं धाडलं.

घरात प्रेत नाही, तिरडी नाही. पोरगी तिकडे गोरेगावात नवऱ्यासाठी भाकरी थापून राहिली, आणि इकडे मी आभाळाकडे पाय करून ती मेली म्हणून सांगून राहिलो. मी खाट आहे, मला तोंड नाही, पण त्या दिवशी माझी दातखीळ बसली. लोकांनी चपला काढल्या. कोणी मेलं नाही हे माहीत असून काढल्या. माणसाची जात अशी.

त्यानंतर पुनारामची बायको शांतीबाई माझ्यावर कधी बसली नाही. ती गोरेगावच्या बाजाराला मात्र जाऊ लागली. जवळचे दोन बाजार सोडून एवढ्या लांबच्या बाजाराला बाई एसटीनं कशाला जाते, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पुनारामलाही. ती पिशवी भरून लाखोळीची डाळ नेई आणि संध्याकाळी डोळे सुजवून येई. तो विचारत नसे, ती सांगत नसे. राजदीपनं त्या घराचं फाटक कधी ओलांडलं नाही.

मग आले सिनेमावाले.

त्यांची मुख्य एक बाई, रीना मॅडम. मुंबईची. तिनं पुनारामचं घर पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाली, हेच पाहिजे. सिनेमाची गोष्ट अशी, की तीन अनोळखी माणसं जंगलातल्या एका घरात येऊन पडतात. एक ट्रक डायवर, त्याच्या चाकाखाली लेकरू आलं होतं. एक बाई, पोटचं पोर दवाखान्यात टाकून पळालेली. एक शिपाई, ज्याच्या मारानं निर्दोष माणूस मेला. तिघंही आतून सडलेले, आणि तिघांनाही कोणीतरी माफ करावं असं वाटते. गोष्टीत एवढंच. बाकी शिव्या.

काय शिव्या त्या, बापा. मी चुन्नीलालच्या ऐकल्या आहेत, पण ह्या ऐकून माझी दोरी ताठ झाली. ती सिनेमातली बाई माझ्यावर बसून बिडी ओढे आणि शिपायाच्या थोबाडीत मारे. तो मुकाट्यानं दुसरा गाल पुढे करी. गावच्या बाया पदर तोंडाला लावून "छी, छी" करत, आणि छी छी करायला रोज सकाळी वेळेवर हजर.

डायवर झालेला पोरगा हिमांशु, गोंदियाचाच. पुनाराम त्याच्यापाशी बसे. एकदा म्हणाला, "का गा, मंग शेवटी याले माफी भेटते का नाही?"

"काका, स्क्रिप्ट में अभी लिखाच नहीं," हिमांशु म्हणाला. "मॅडमलाच माहीत नाही."

"मंग एवढा पिच्चर कायले काढून राहिले तुमी?"

हिमांशु हसला. पुनाराम हसला नाही.

गावात बसूनउठून मॅडमला उलट्या खाटेची रीत कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "हा डायवर स्वतःच स्वतःची खाट उलटी करतो. साऱ्या गावाला सांगतो, मी मेलो, आता माझ्याशी मेलेल्यासारखं वागा. हा सीन आज घ्यायचा."

अंगणात उभे असलेले लोक मागे सरकले. पुनाराम ओसरीतून उतरून आला. "ते नाही होनार, मॅडम. घर वापरा, विहीर वापरा. पन जित्या मानसाची खाट उलटी करत नसतात. पाप हाय ते."

शांतीबाई सैपाकघराच्या दारात तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "मंग तुमी काय केलतं?"

ह्या बाईनं नवऱ्याला उलटून बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"का म्हनली तू?"

"आयकलं तुमी. पोरगी जिती होती. आताबी हाय. मागच्या बाजारात तिनं मले वांगे घेऊन देल्ले. मेलेले मानसं वांगे घेऊन देत नाहीत."

पुनाराम ओसरीत जाऊन पाठ करून बसला आणि म्हणाला, "कर बाबू. उलटी कर. आता का राहिलं."

हिमांशुनं मला डोक्याकडून उचललं. पुनारामनं मान न वळवता सांगितलं, "डोक्याकडून नाही. पायाकडून." त्याच्या हाताला ती गोष्ट पाठ होती.

अर्धा सीन झाला. बाकीच्या अर्ध्याला मॅडमला मावळतीचा उजेड पाहिजे होता. "खाटेला कोणी हात लावू नका," ती म्हणाली, आणि सारे नाश्त्याला बसले. अंगणात रांगेनं बसले, खाली मान घालून, कारण पोह्यात मिरच्या होत्या आणि सकाळच्या बोलण्यानं कोणाला तोंड वर करायची हिंमत नव्हती.

नेमका त्याच वेळी रस्त्यावरून दुसऱ्या गावचा खेमराज भांडेवाला मोटरसायकलनं चालला होता. गोरेगावला बाजार. त्यानं पाहिलं ते एवढं: पुनारामच्या अंगणात उलटी खाट, आणि लोक खाली माना घालून बसलेले. विकायची नवी भांडी घेऊन निघालेला माणूस सुतकाच्या घरात शिरत नाही. खेमराजनं फाटकावरूनच हात जोडले आणि गाडी हाकली.

बाजारात पोचल्यावर त्यानं पहिले राजदीपचं गॅरेज गाठलं. पुष्पांजली तिथंच होती. "पुष्पाबाई, तुह्या बापाच्या अंगनात खाट उलटी हाय व."

तिनं मायला फोन लावला. बंद. शेजाऱ्यांना लावला. बंद. सीन पुरा होईपर्यंत साऱ्यांचे फोन बंद करून टोपलीत ठेवायचा मॅडमचा नियम होता. फोन बंद म्हणजे रडारड चालू, असं ती समजली.

दुपार कलली तेव्हा गाडीचा आवाज आला. पुष्पांजलीनं फाटकाशी चपला फेकल्या आणि छाती पिटत आत आली. "बाबा गा, मले तोंडबी नाही दाखवलं... रागातच गेले बाबा तुमी..."

बाबा ओसरीत बसून सिनेमावाल्यांचा पुलाव खाऊन राहिले होते. घास तोंडात.

तिनं त्याला पाहिलं. रडणं जागच्या जागी तुटलं. असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. मग तिची नजर माझ्यावर आली, पुन्हा बापावर गेली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मंग माय कोठी हाय?"

"माय कोठी हाय," म्हणत ती सैपाकघराकडे धावली, आणि आतून शांतीबाई हातात पळी घेऊन बाहेर आली. "काय झालं व, पुष्पा?"

पोरगी भिंतीला टेकून खाली बसली. हसून राहिली का रडून, समजेना. माय तिचं डोकं पोटाशी धरून तिलाच विचारत राहिली, कोण मेलं, कोण मेलं.

कॅमेऱ्यावरच्या पोरानं हळूच कॅमेरा तिकडे वळवला होता. रीना मॅडमनं काचेवर पंजा ठेवला. "बंद कर. आत्ता."

पुष्पांजलीनं माझ्याकडे बोट केलं. "कोनाची हाय ही?"

"सिनेमाची," पुनाराम म्हणाला. इतक्या वर्षांनी पोरीशी बोललेला पहिला शब्द.

"सिनेमाची?" तिनं डोळे पुसले. "माह्या टायमाले कोनता पिच्चर होता, बाबा?"

पुनाराम पत्रावळीतली शितं वेचू लागला.

"सिधी करा तिले," ती म्हणाली. हिमांशु लगबगीनं उठला. "तुमी नाही, दादा. ज्याच्या घरची हाय त्यानं."

पुनारामनं पत्रावळ बाजूला ठेवली. हात धोतराला पुसले. येऊन माझा पाय धरला आणि उचलायला गेला, पण आता वय झालं होतं. मी हललो नाही. दुसऱ्यांदा जोर केला, तोंड लाल झालं, तरी नाही. साऱ्या गावादेखत तो वाकून उभा. पुढे व्हायला कोणी धजेना.

फाटकाबाहेर राजदीप उभा होता, खांद्यावर पोरगी खुशी निजलेली. पुनारामनं तिकडे न पाहताच हाक मारली. "तिथं उभा राहून का पाहून राहिला गा. एक कोना धर."

राजदीपनं पोरगी बायकोजवळ दिली. चपला काढल्या. पहिल्यांदा त्या अंगणात पाय टाकला, आणि माझा दुसरा कोना धरला. दोघांनी मिळून मला सरळ केलं.

"डोक्याकडचा पाय हलते," पुनाराम म्हणाला. "संभाळून ठेव." जावयाशी एवढंच बोलला. मग आत ओरडला, "चहा टाक व. मानसं आले."

मॅडमचा मावळतीचा उजेड तसाच गेला. तिनं तो सीन पुढे घेतलाच नाही. ती पुष्पांजलीजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माझ्यामुळं तुम्हाला रडत यावं लागलं. चुकलं माझं." हिमांशु जाताना मला हात लावून पाया पडला. खेमराज पुढच्या आठवड्यात आला, दोन्ही कान धरले आणि खुशीला स्टीलची वाटी देऊन गेला. डायवरला शेवटी माफी मिळाली का, मला ठाऊक नाही. ज्यांनी पिच्चर मोबाईलवर पाहिला ते एकमेकांशी भांडून राहिले.

आता मी ओसरीत असतो. माझी अंबाडीची दोरी सडली म्हणून राजदीपनं नायलॉनची पट्टी भरली. खाजते, पण घट्ट आहे. सणावाराला खुशी माझ्यावर उड्या मारते. पुनाराम जावयाशी टायरांबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो, नातीला गोळ्या देतो. शांतीबाईही माझ्यावर टेकते आता. गाव म्हणते, झालं गेलं, आता कायले उकरता.

मी म्हणतो, उकरीन. पोरगी समोर बसते तेव्हा त्याचं तोंड उघडते, मी खालून पाहतो. "पुष्पा," म्हणतो. ती म्हणते, "का, बाबा?" तो म्हणतो, "पानी आन." आणि तहान नसताना तांब्याभर पाणी पिते.

त्याचा दिवस आता लांब नाही. त्या दिवशी मला उलटं घालतील, आणि मी खरी खबर देईन, इमानानं देईन. पण मेल्यावर चूक कबूल करता येत नाही, ती जित्यानंच करायची असते. पोरीच्या जित्या जिवावर त्यानं मला खोटं बोलायला लावलं. तिची माफी आधी मागावी, मग माझी. पाण्याचा तांब्या बाजूला ठेवावा आणि तोंडानं बोलावं. इतरांचं सारं फिटलं. माणूस एकच उरला आहे, आणि तो ह्या घडीला माझ्यावरच बसला आहे, ताठ: पुनाराम चुन्नीलाल कापगते.