दवाखान्यावरची खोली

दातांच्या डॉक्टरांना आपला धंदा आवडायचं खरं कारण एकच. समोरचा माणूस तोंड उघडं ठेवूनही गप्प बसतो. घरी हा चमत्कार कधी घडला नव्हता. घरी आई, आत्या, बायको आणि दोन मुली. पाचही जणींची तोंडं एकदम चालायची आणि तरी प्रत्येकीला बाकीच्या चौघींचं सगळं ऐकू जायचं! जेवताना मीठ मागावं, तर ते कुणाला बाधलं, कुणाला मानवलं, इथवर चर्चा जायची. मीठ मात्र डॉक्टरच उठून आणायचे.

शेवटी त्यांनी दवाखान्यावरची खोली भाड्याने ठरवली. 'अभ्यासासाठी' म्हणून सांगायचं आणि हळूहळू मुक्कामच तिकडे हलवायचा. किल्ली उद्या मिळणार होती. पण घरी ही बातमी सांगायला मध्ये फट तर सापडायला हवी! आठवडाभर ते "मी काय म्हणतो" याच्यापुढे गेले नव्हते.

म्हणून मनाची तयारी करायला ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसले. शेजारच्या टेबलावर नवरा-बायको, दोन मुलं आणि एक आजोबा जेवत होते. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आजोबा सोडून चौघांच्या माना मोबाईलमध्ये. डॉक्टरांना अगदी भरून आलं. याला म्हणतात संस्कार!

आजोबा हात धुवायला उठले. इकडे बिल आलं, ते दिलं, आणि चौघे उठून चालते झाले. गाडी दाराशी आणत असतील, असं डॉक्टरांना वाटलं. पण गाडी सुरू झाली आणि निघूनही गेली. आजोबा रुमालाला हात पुसत परतले, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि निवांत खाली बसले.

"अहो आजोबा, तुमची माणसं गेली!"

"येतील," आजोबा म्हणाले. "घरी उतरताना लक्षात येतं त्यांच्या. मागच्या वेळीही आले होते."

डॉक्टर उठून त्यांच्या टेबलाशी गेले. ते आजोबांपाशी बसून राहिले. बऱ्याच वेळाने मुलगा आला आणि "चला" म्हणाला. तेवढंच. काय ती मेली माणसं! आपल्याकडे बेसिनपाशी जरा रेंगाळलं, तर आत्या "पोट बरंय ना रे?" असं अख्ख्या इमारतीला ऐकवते.

डॉक्टर तडक घरी आले. दार उघडलं, तर घर चिडीचूप. पाचही जणी बसलेल्या, पण एकीनेही मान वर केली नाही.

"खोलीच्या मालकांचा फोन आला होता," बायको म्हणाली. "किल्ली उद्या सकाळीच न्या म्हणाले."

आणि ती गप्प झाली. घरातल्या फ्रिजला आवाज आहे, हे डॉक्टरांना आज कळलं. हवी होती ना शांतता? घ्या!

"नको मला ती खोली! चुकलं माझं," ते म्हणाले. आई भाजी निवडत राहिली. मग घाबरून डॉक्टरच बोलत सुटले. हॉटेल, ते टेबल, त्या माना. त्यांची वाक्यं आज पूर्ण होत होती आणि पुढे काहीच होत नव्हतं. उद्यापासून हे घर असंच राहिलं तर?

"आजोबा हात धुवायला गेले," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "आणि ते सगळे त्यांना तिथेच..."

"थांब," आत्या म्हणाली. "पोटभर जेवले होते का ते?"

"सोडून गेले म्हणजे काय? लाजा नाहीत?" आईने भाजी बाजूला सारली.

"आणि तुम्ही त्यांना घरी नाही आणलंत?" बायको कडाडली. "बाबा, त्यांचं नाव विचारलं?" "नाव काय विचारतेस, पत्ता विचारायचा!" मुलींची आपसातच जुंपली.

"अगं, मी काय म्हणतो..." डॉक्टरांनी सुरुवात केली. कोण ऐकतंय! ते मुकाट्याने खुर्चीत बसले आणि कुणाला कळणार नाही असे डोळे पुसले. ते पाचही जणींनी पाहिलं, आणि त्यावर वेगळी चर्चा सुरू झाली.