तव्याचा फोटो

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. आमच्या निवाऱ्यात एका वेळी चाळीसेक कुत्री असतात. त्यांच्यावर मी कधी आवाज चढवत नाही. माणसांवर मात्र रोज चढवते. त्यातही ‘काळं कुत्रं नको’ म्हणणाऱ्यांवर जरा जास्तच.

कारणं तरी ऐका. एक म्हणे, काळा आहे, अंधारात पायाखाली येईल. अहो, मग दिवा लावा की! एका बाईंना पांढऱ्या सोफ्यावर काळे केस दिसतील याची काळजी. एका गृहस्थांनी तर पिंजऱ्यासमोर उभं राहून मला ऐकवलं, "हा रागीट दिसतो." आतला प्राणी त्या वेळी पाठीवर पडून, चारी पाय वर करून घोरत होता. रागीट मी होते. ते गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत.

बाकीची कुत्री महिन्या-दोन महिन्यांत कुणाच्या ना कुणाच्या घरी जायची. तपकिरी जायची, ठिपक्यांची जायची, एका कानाचं एक होतं तेही गेलं. काळी राहायची. आणि त्या वेळी सगळ्यात जास्त दिवस राहिलेला होता तवा.

हे नाव पिंजरे धुणाऱ्या मावशींनी ठेवलं. पाच वर्षांचा कुत्रा, नखापासून शेपटीपर्यंत काळा, एक पांढरा केस शोधून दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. आधी तो एका चपलांच्या दुकानात होता. दुकानदार म्हातारे झाले, दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेले आणि तवा आमच्याकडे आला. त्याची एक सवय होती. जवळ कोणी उभं राहिलं की सगळं अंग त्या माणसाच्या पायावर टाकून तोही उभा राहायचा, दमलेला माणूस भिंतीला टेकतो तसा. काही मागायचा नाही. टेकू मिळाला की खूश. चौदा महिने तो असा माझ्याच पायाला टेकत होता.

आमच्या मागच्या शेडचं छप्पर दोन टप्प्यांत बदलायचं होतं. पहिल्या टप्प्यात जागा कमी पडली, तेव्हा चार कुत्री शहराबाहेरच्या मोठ्या छावणीत पाठवावी लागली. छावणीची माणसं भली आहेत, पण तिथे तीनशे कुत्री आणि तिथवर कुत्रं बघायला कोणी जात नाही. एकदा गेलं की गेलंच म्हणायचं. आता महिनाअखेरीस दुसरा टप्पा होता आणि एक जागा कमी पडत होती. जो सगळ्यात जास्त दिवस राहिला तो आधी जाणार, हा निवाऱ्याचा नियम. भांडणं नकोत म्हणून मीच केलेला. म्हणजे तवा. मी त्याला घरी न्यावं, तर घरी आधीच तीन. "चौथा आला तर मी जातो छावणीत," असं आमच्या ह्यांनी निक्षून सांगितलं होतं, आणि ते खरंच गेले असते.

फोटो काढायला आमच्याकडे भाऊजी येतात, म्हणजे माझे धाकटे दीर. तीस वर्षं त्यांचा ओळखपत्राच्या फोटोंचा स्टुडिओ होता. आता तो बंद केलाय, पण सवय काही बंद झालेली नाही. दर बुधवारी येणार, पांढरा पडदा लावणार, कुत्र्याला स्टुलावर बसवणार आणि म्हणणार, "चेहरा सरळ. दोन्ही कान दिसू देत." कुत्रीही मुकाट्याने कान दाखवायची. ते फोटो घरी नेऊन नीट करायचे आणि इंटरनेटवरच्या आमच्या पानावर चढवायचे. लोक आधी मोबाईलवर फोटो बघतात, त्यातलं एखादं कुत्रं मनात धरतात आणि मगच दारात येतात. त्यामुळे भाऊजींना आमच्याकडे भलताच मान.

महिना संपायला आठ दिवस असताना मी त्यांना तव्याचा फोटो नव्याने काढायला लावला. फोटो झाल्यावर ते पडदा गुंडाळत होते आणि मी सहज कॅमेरा उचलला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर तवा माझ्याकडे बघत होता. बघत म्हणजे अगदी खरोखर. दोन्ही डोळ्यांत खिडकीच्या उजेडाचा एकेक ठिपका, आणि त्या ठिपक्यांमुळे चेहऱ्यावर असा काही भाव की मी म्हटलं, हा फोटो बघून दगडही विरघळेल.

दुसऱ्या दिवशी पान उघडून बघते तर काय, पांढऱ्या कागदावर शाई सांडावी तसं काहीतरी, दोन कान आणि मधोमध एक लोंबती जीभ.

मी तिथल्या तिथे फोन लावला. "भाऊजी, हा कोणाचा फोटो चढवलात?"

"तव्याचा. कालचाच."

"मग त्याचे डोळे कुठे गेले?"

"आहेत की. फक्त चकाकी काढली."

"चकाकी?"

"डोळ्यांत दिव्याचे पांढरे ठिपके आले होते, वहिनी. ते काढावेच लागतात. नाहीतर फोटो परत येतो."

"कोणाकडून परत येतो? कुत्रं काय परदेशी निघालंय?"

मग ते सावकाश म्हणाले, "तीस वर्षं काढतोय मी. चष्म्यावरची, कपाळावरची, डोळ्यांतली. चकाकी असली की पासपोर्टच्या कार्यालयातून फोटो परत यायचा. गिऱ्हाईक माझ्यावर ओरडायचं."

तपकिरी कुत्र्याच्या डोळ्यातला ठिपका काढला तरी डोळा उरतो, कारण भोवतीचा रंग वेगळा असतो. काळ्याच्या काळ्या तोंडात काळा डोळा, त्यातला तो एक ठिपका पुसला की उरलं काय? मी जुने फोटो काढून बघितले. छावणीत गेलेल्या चौघा काळ्यांचे फोटो म्हणजे एकच डाग चार वेळा छापल्यासारखे. ना डोळे, ना नाक. मलाच ते ओळखू येईनात, तर लोकांनी काय बघून यायचं? आणि मी इतकी वर्षं दारात आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर खापर फोडत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते काही खोटं नाही. सोफावाल्या बाई खुळ्या होत्या यावर मी अजूनही ठाम आहे. पण जे आलेच नाहीत, त्यांना आम्ही काही दाखवलंच नव्हतं.

हे सगळं मी भाऊजींना समजावून सांगायला हवं होतं. मी सांगितलंही, पण माझ्या पद्धतीने. आवाज इतका चढला की मावशी पाण्याचा पाइप टाकून धावत आल्या. "तुमच्या हाताने आंधळी केलीत सगळी!" असंही मी बोलले. भाऊजींनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तीन दिवस त्यांचा पत्ता नाही. मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. क्षमा मागायची मला सवय नाही. चुकलं होतं हे मात्र कळत होतं. त्या माणसाने पाच वर्षं एक पै न घेता आमचं काम केलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ते आले. हातात टेबलावरचा दिवा आणि बगलेत घरची पिवळी चादर.

"भाऊजी, मी त्या दिवशी जरा..."

"ते राहू द्या," ते म्हणाले. "घरी काळ्या बुटांवर करून बघितलं. तीन दिवस बुटांचे फोटो काढतोय. उजेड समोरून नको, बाजूने हवा. आणि मागे पांढरं बिलकुल नको. तव्याला आणा."

त्यांनी स्टूल बाजूला सारलं, खिडकीशी चादर टांगली आणि स्वतः चक्क जमिनीवर बसले. तवा आला आणि आपल्या सवयीने त्यांनाच टेकला. "अहो, लांब जा, फोटो काढायचाय," भाऊजी म्हणाले, तर तो आणखीच रेलला. शेवटी मी शेजारी उभी राहिले, तो माझ्या पायाला टेकला आणि मान वळवून भाऊजींकडे बघू लागला. तोच तो फोटो. उजेडात त्याच्या काळ्या केसांवर निळसर झाक आली होती, ती मला इतक्या दिवसांत कधी दिसली नव्हती. भाऊजींनी तो घरी नेलाच नाही. माझ्या टेबलापाशी बसून तसाच चढवला.

दोन दिवसांनी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई आल्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्या आधीही दोनदा येऊन गेल्या होत्या. दिवसभर गाडीत असतात, म्हणून गाडीत बसून राहील असं कुत्रं त्यांना हवं होतं. पहिल्यांदा नेलेला बदामी कोपऱ्यावरच सीटवर ओकला. दुसरा ठिपक्यांचा, तो प्रत्येक ब्रेकला भुंकायचा, आणि शिकाऊ माणसाच्या हाती गाडी म्हणजे ब्रेकला काय तोटा!

"हा नवीन आलाय ना?" त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "माझ्याच गाडीत बसायला निघालाय असं वाटतंय बघा."

मी काही बोलणार, तेवढ्यात भाऊजी पुढे झाले. "नवीन नाही. चौदा महिने इथेच आहे. तुम्ही दोन्ही वेळा त्याच्या समोरून गेलात."

"मग मला कसा दिसला नाही?"

"फोटोत मी त्याचे डोळे पुसले होते," भाऊजी म्हणाले. त्यांनी एवढंच सांगितलं. सवयीचं, कार्यालयाचं, कशाचंच नाव घेतलं नाही.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पिंजऱ्याकडे. "चला, एक चक्कर मारू."

ती चक्कर मी जन्मात विसरणार नाही. शिकाऊ लोक जे जे करतात ते ते बाईंनी करून दाखवलं. गचके, अर्ध्यातून वळण, बंद पडलेलं इंजिन. मी पुढच्या सीटवर दोनदा किंचाळले. तवा मागे बाईंच्या सीटच्या पाठीला अंग टेकून बसला होता. प्रत्येक ब्रेकला तो थोडा पुढे सरकायचा आणि पुन्हा नीट टेकायचा.

"पाठीला धक्का नाही, नुसता आधार लागतोय," बाई म्हणाल्या. पुढच्या वळणावर त्यांनी गाडी निवाऱ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "मला सही कुठे करायची ते सांगा."

तवा मागे वळूनही न बघता गेला. मावशी रडल्या, मीही रडले, आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघून खो खो हसलो. भाऊजी मात्र दारातच उभे होते.

"आधी छावणीच्या गाडीतून काळी किती गेली?" त्यांनी विचारलं.

नोंदवही उघडायची गरज नव्हती. "चार."

"उद्या सुट्टी आहे तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही छावणीत गेलो. भाऊजी, दिवा, पिवळी चादर आणि मी. चौघंही तिथेच होते. भाऊजी दुपारपर्यंत जमिनीवर बसून राहिले, पँटचे गुडघे मातीने भरले, एकाने त्यांची चप्पलही चावली. प्रत्येकाचं नाव ते मला विचारत होते आणि त्याच नावाने त्याला हाक मारत होते. पाच वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

परतताना गाडी मी चालवत होते. ते शेजारी बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पुढे-मागे करत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "चौघं एकमेकांसारखे जराही नाहीत हो."

"ते मला ठाऊक आहे," मी ठसक्यात म्हटलं. पण पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी त्यांच्या हातातून कॅमेरा घेतला, आणि मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले तरी बघतच राहिले.