वेशीच्या भिंतीतलं भोक

आमच्या डोंगरावरच्या जुन्या गावाला इतिहास भरपूर, पण दाखवण्याजोगं एकच: वेशीच्या भिंतीला तोफगोळ्याने पाडलेलं भोक. खरं तर ते कोबीच्या ट्रकने मागे येताना पाडलं. निम्म्या गावाने ते पाहिलं होतं. पण गावच्या वाटाड्याने शत्रूच्या वेढ्याची हकिगत पर्यटकांपुढे अशी काही रंगवली, की पुढे ट्रकवाल्यालाही ती पटली.

पर्यटन खात्याचे साहेब ते भोक बघून वाटाड्याची नोकरी ठेवायची की नाही, हे ठरवणार होते. म्हणून आदल्या दिवशी त्याने आपल्या गवंडी मेहुण्याला सांगितलं, "भोकाचं जरा नीट कर. उद्या पाहुणे येतायत."

मेहुण्याने मनापासून काम केलं. सकाळी भिंत गुळगुळीत.

"अरे, भोक कुठाय?"

"बुजवलं, भाऊजी. पाहुण्यांपुढे गावाची लाज कशाला काढायची? वीस वर्षं नुसते बोलताय, दुरुस्तीचं नाव नाही."

तेवढ्यात साहेबांची गाडी थांबली. वाटाड्याने भिंतीकडे हात केला. "साहेब, शत्रूचा सगळ्यात मोठा गोळा इथेच आदळला. बघा, ओरखडासुद्धा नाही."

साहेबांनी टोपी काढून भक्तिभावाने भिंतीला हात लावला. बोटं ओली झाली.

"ओल कसली ही?"

"घाम, साहेब. पूर्वजांचा."

साहेबांनी तेही वहीत उतरवून घेतलं. नोकरी कायम झाली. फक्त आपल्याला पूर्वजांत धरलेलं मेहुण्याला अजून आवडलेलं नाही.